वेळेचे चोर

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

वेळ वाया घालवू नये, हे वाक्य कानावर पडल्यावाचून शाळा सुटलेले मूल मिळणे कठीण. वर्गाच्या फळ्यावर ते सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते, वहीच्या पाठीवर छापलेले असते, आणि घरी गेल्यावर आजोबांच्या तोंडून ते पुन्हा एकदा ऐकावे लागते. मुले मान डोलावतात आणि खेळायला निघून जातात. परंतु एखाद्या चौकस मुलाने, वाया गेलेली वेळ जाते तरी कोठे, आणि ती दुसऱ्या कोणाला सापडत असेल काय, असे विचारले म्हणजे वडील माणसांची अडचण होते. विसाव्या शतकात दोन लेखकांनी हा पोरकट वाटणारा प्रश्न गंभीरपणे घेतला आणि त्याच्यावर मुलांसाठी दोन अद्भुत कथा रचल्या. त्यांतील एक लेखक रशियन, दुसरा जर्मन. दोघांच्याही कथेत वेळेची चोरी होते, दोघांचेही चोर हिशेबाला पक्के आहेत, आणि दोन्हीकडे चोरांचा बंदोबस्त मुलांनाच करावा लागतो. मात्र वेळ चोरीला जाते ती कशामुळे, याविषयी दोघांची उत्तरे एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत.

काळाची घडी विस्कटण्याची कल्पना तशी नवी नव्हे. भागवताच्या नवव्या स्कंधातील रेवतीची गोष्ट आपल्याकडे पुराण ऐकणाऱ्या घरांत ठाऊक आहे. ककुद्मी राजा आपल्या कन्येसाठी वर विचारण्यास ब्रह्मलोकी जातो, तेथे चाललेले गायन संपेपर्यंत क्षणभर थांबतो, आणि एवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. मनात योजून ठेवलेले सारे वर, त्यांची मुले, नातवंडे, गोत्रेदेखील नाहीशी झालेली असतात. ऱ्हाइन नदीकाठच्या हाइस्टरबाख मठाचीही अशीच एक दंतकथा आहे. प्रभूच्या दृष्टीने हजार वर्षे एका दिवसासारखी कशी, या विचारात गढलेला तेथील एक तरुण संन्यासी रानात फिरायला जातो आणि संध्येच्या घंटेबरोबर परत येतो, तो तीनशे वर्षे लोटलेली असतात. अमेरिकेतला रिप व्हॅन विंकल १८१९ साली छापून आला. तो नुसता झोपला आणि वीस वर्षांनी जागा झाला. या सर्व कथांत एकट्यादुकट्याचा काळ चुकतो, बाकीच्या जगाचा काळ यथास्थित चालू असतो. जुन्या कथाकारांना वेळेचा चोर सुचला नाही. तो सुचण्यासाठी घराघरांत घड्याळ, गावोगावी कारखान्याचा भोंगा आणि शाळेत तासांचे वेळापत्रक येणे अवश्य होते.

रशियन लेखकाचे नाव येव्गेनी श्वार्त्स. जन्म १८९६, मृत्यू १९५८. नाटककार म्हणून त्याची ख्याती विशेष. ‘हरवलेल्या वेळेची गोष्ट’ ही त्याची कथा १९४० सालची असून ती फार तर अर्ध्या तासात वाचून होते. तिसऱ्या इयत्तेतला पेत्या झुबोव नावाचा एक मुलगा. अभ्यासात मागे, पण काळजी नाही, पुढे वेळ आहेच, असे त्याचे नेहमीचे उत्तर. एके दिवशी तो शाळेत उशिरा पोचतो तर कोट सांभाळणारी बाई त्याला आजोबा म्हणून हाक मारते. आरशात पाहावे तर पांढरी दाढी आणि सुरकुतलेला चेहरा. घरी जावे तर प्रत्यक्ष आई ओळखत नाही. दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ती, आपणास कोण पाहिजे, असे आदराने विचारते. लहान वाचकाच्या छातीत धस्स व्हावे असा हा प्रसंग श्वार्त्सने चार ओळींत संपविला आहे. तो वाढवला असता तर कथेचे रडगाणे झाले असते.

बिचारा पेत्या गावाबाहेरच्या रानात एका झोपडीत शिरून गवतात झोपी जातो. जाग येते तो चार मुले मण्यांच्या चौकटीवर हिशेब करीत बसलेली. ती मुले नव्हेत; दोन चेटके आणि दोन चेटकिणी. ज्या मुलांनी वेळ वाया घालवली त्यांचे दिवस, तास आणि मिनिटे गोळा करून हे चौघे पोरवयाचे झाले आहेत, आणि ती चार मुले म्हातारी. उपाय एकच, आणि तोही चोरांच्याच बोलण्यातून पेत्याच्या कानी पडतो. ठरलेल्या वेळेच्या आत त्या चौघांनी एकमेकांना हुडकून झोपडीत यावे आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सत्त्याहत्तर वेळा उलटा फिरवावा. एवढ्या मोठ्या शहरात म्हातारे काय थोडे असतात? त्यांतले मूल कोणते, हे ओळखायचे कसे? पेत्याला एक आजीबाई चेंडू खेळताना दिसते. दुसरी जमिनीवर खडूने घरे आखून लंगडी घालीत असते. एक वृद्ध गृहस्थ फुकटात ट्रामच्या मागे लोंबकळत चाललेला असतो. कथेतला सर्वांत गमतीचा भाग हाच. वय चोरता आले तरी खोड चोरता आली नाही! पुढे घड्याळ उलटे फिरते, मुले पुन्हा मुले होतात. १९६४ साली अलेक्सांद्र प्तुश्को याने या कथेवर चित्रपट काढला. रशियन घरांत ही गोष्ट न ऐकलेले मूल विरळा.

ही कथा वर्गात सांगितली तर कोणतीही शाळा आनंदाने मान्यता देईल, यात शंका नाही. आळशाची वेळ चोर नेतो, उद्योग्याची नेत नाही, असा सरळ व्यवहार तिच्यात आहे.

आता जर्मन कथेकडे वळू. तिचे नाव ‘मोमो’, लेखक मिखाएल एंडे. त्याचा जन्म १९२९ सालचा. बाप एडगार एंडे चित्रकार होता. त्याची स्वप्नमय चित्रे नाझी राजवटीला रुचली नाहीत आणि १९३६ साली त्याच्यावर बंदी आली. मुलाने आरंभी नटाचे शिक्षण घेतले, पुढे १९६० साली ‘जिम नोप’ या बालकथेने नाव मिळविले, आणि १९७० नंतर तो रोमजवळच्या गेन्झानो या गावी जाऊन राहिला. ‘मोमो’ तेथे पुरी झाली व १९७३ साली श्टुटगार्टच्या टिनेमान प्रकाशनाने छापली. चित्रेही एंडेनेच काढलेली. पुढच्याच वर्षी तिला जर्मन बालसाहित्याचे पारितोषिक मिळाले, पुष्कळ भाषांत तिची भाषांतरे झाली आणि १९८६ साली तिच्यावर चित्रपट निघाला. एंडे १९९५ साली वारला.

कथेतल्या शहराला नाव नाही; पण पाइनची झाडे, पडक्या दगडी पायऱ्यांचे जुने रंगमंडल, आणि जेवणानंतर पेंगणारी गल्ली हे सर्व पाहिले म्हणजे इटली ओळखू येते. त्या पडक्या रंगमंडलात मोमो नावाची एक पोरकी मुलगी येऊन राहते. अंगात मोठ्या माणसाचा ढगळ कोट, पाय अनवाणी. वय विचारले तर ती शंभर सांगते. शेजारचे गरीब लोक तिला हाकलून देत नाहीत. कोणी खाट आणून देतो, कोणी चूल बांधून देतो, कोणी घरात उरलेले चीज आणतो. तिच्याजवळ एकच गुण, तो म्हणजे ऐकण्याचा. ती काही सल्ला देत नाही, हुशारीचे प्रश्न विचारीत नाही. ती नुसती ऐकते, आणि सांगणाऱ्याला आपोआप आपले म्हणणे उमजते. हाडवैर धरून बसलेले एक गवंडी आणि एक खाणावळवाला तिच्यासमोर भांडता भांडता समेटाला येतात. एका मुलाचा पक्षी गाईनासा झालेला असतो. त्याच्यासमोर ती आठवडाभर कान देऊन बसते तेव्हा कोठे तो गाऊ लागतो. श्रोत्यांसमोर बोलणाऱ्या कोणालाही हेवा वाटावा अशी ही श्रोती आहे.

तिचे दोन जिवलग मित्र. एक बेप्पो, रस्ते झाडणारा म्हातारा. प्रश्न विचारल्यावर तो कधी कधी दिवसभर विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी उत्तर देतो. दुसरा गीगी, प्रवाशांना गाव दाखविणारा आणि वाटेल त्या थापा रंगवून सांगणारा तरुण. लांबच लांब रस्ता समोर दिसला म्हणजे छाती दडपते, असे बेप्पोचे म्हणणे. म्हणून तो सबंध रस्त्याकडे पाहतच नाही. पुढचे पाऊल, पुढचा श्वास, झाडूचा पुढचा हात, एवढेच पाहतो, आणि रस्ता केव्हा संपला हे त्याचे त्यालाच कळत नाही. हे दीड पान शिक्षकांनी अवश्य वाचावे. भूमितीच्या सिद्धांताने गांगरलेल्या मुलाला यापेक्षा चांगला मार्ग कोणत्याही शिक्षणशास्त्राने दाखविलेला नाही.

मग शहरात राखाडी माणसे दिसू लागतात. राखाडी पोशाख, राखाडी टोपी, हातात कागदपत्रांची पेटी, तोंडात चिरूट. आणि ती जवळ आली की हुडहुडी भरते. आपण वेळेच्या पेढीचे प्रतिनिधी आहोत असे ती सांगतात. फुसी नावाचा एक न्हावी आहे. वय बेचाळीस. पावसाळी दिवशी गिऱ्हाइकाची वाट पाहत दुकानाच्या दारात उभा असता, आपल्या आयुष्यात काही राम नाही असा विचार त्याच्या मनात येतो. नेमक्या त्या क्षणी राखाडी माणूस आत येतो आणि आरशावर आकडे मांडू लागतो. वर्षाचे सेकंद ३,१५,३६,०००. बेचाळीस वर्षांचे १,३२,४५,१२,०००. एवढे मोठे द्रव्य पाहून फुसी चकित होतो. मग वजाबाकी सुरू होते. झोप रोजची आठ तास, गेली. काम आठ तास, गेले. जेवण दोन तास. म्हाताऱ्या बहिऱ्या आईजवळ बसणे एक तास. पिंजऱ्यातल्या पोपटासाठी पाव तास. बाजारहाट एक तास. मित्रमंडळी व गाणे तीन तास. दारीया नावाच्या एका पांगळ्या स्त्रीला रोज फूल नेऊन देण्यात अर्धा तास. ही तर फुसीची गुपित गोष्ट, तीही त्या गृहस्थाला ठाऊक असते. खिडकीशी बसून दिवसाचा विचार करण्यात पाव तास. बेरीज करून वजा करावी तो बाकी शून्य. एक सेकंदही उरत नाही.

एंडेने हे आकडे उगीच फेकलेले नाहीत. ज्यांना हौस असेल त्यांनी कागद घेऊन पडताळा पाहावा. बेरीज खरोखरच शेवटच्या अंकापर्यंत जुळते. आणि तरीही हिशेब लबाडीचा आहे. सातव्या आठव्या इयत्तेच्या वर्गात हे गणित घातले तर मुलांना ही लबाडी शोधून काढण्यात मोठी मौज वाटेल. एक तर दिवसाचे चोवीस तास कशात ना कशात जाणारच. त्यांची बेरीज चोवीस आली यात नवल ते काय? खर्च म्हणून मांडले तेच जगणे होते. दुसरे असे की, राखाडी माणसाने प्रत्येक रकमेला बेचाळीस वर्षांनी गुणले आहे. म्हणजे पाळण्यात असल्या दिवसापासून फुसी रोज आठ तास लोकांच्या हजामती करीत होता आणि दारीयाबाईंना फूल नेऊन देत होता! पुढचे आमिष तर याहून धाडसी. रोज दोन तास वाचवून पेढीत ठेवले तर दर पाच वर्षांनी रक्कम दुप्पट होते; चाळीस वर्षांची शिल्लक १०,५१,२०,००० सेकंद, तिची आठ वेळा दुप्पट केली म्हणजे २५६ पट, अर्थात २६,९१,०७,२०,००० सेकंद. याची वर्षे केली तर आठशे त्रेपन्नाहून अधिक भरतात. पण चाळिसाव्या वर्षी ठेवलेला तास आठ वेळा दुप्पट कसा होईल? त्याला तर पाच वर्षेही झालेली नाहीत. चक्रवाढ व्याजाचे उदाहरण ज्याने एकदा सोडविले आहे तो येथे त्या गृहस्थाचा हात धरील. फुसी धरीत नाही. मोठ्या आकड्यांपुढे त्याची मती गुंग होते. आणि अशी ज्याची झाली नाही असा माणूस कोठे आहे?

पाहुणा निघून जातो आणि फुसीला त्याची आठवणही राहत नाही. निश्चय तेवढा राहतो, आणि तो आपलाच आहे असे त्याला वाटते. अर्ध्या तासाची हजामत तो वीस मिनिटांत उरकू लागतो. आईला स्वस्तशा वृद्धाश्रमात ठेवतो. पोपट विकून टाकतो. दारीयाबाईंना, यापुढे येणे जमणार नाही, असे पत्र लिहितो. वाचविलेली वेळ कोठे जाते? तिचा पत्ताच लागत नाही. दिवस मात्र अधिकाधिक आखूड होत जातात, आणि फुसी अधिकच घाई करतो. थोड्याच दिवसांत सारे शहर असे होते. घरे एकसारखी, सरळ रेषेत, खाणावळी झटपट, माणसांचे कपडे बरे झालेले, पण तोंडे आंबट.

श्वार्त्सची चोरी आळसातून झाली होती. ही काटकसरीतून होते. पेत्याने ‘पुढे वेळ आहे’ म्हणून वेळ गमावली. फुसी ‘वेळ नाही’ म्हणून गमावतो. आपल्या शाळांच्या भिंतींवर पहिल्या चोराविषयी सावधगिरीची सूचना असते. दुसऱ्याविषयी नसते, किंबहुना त्याची जाहिरात असते.

या चोरीचा सुगावा प्रथम मुलांना लागतो. आईबाप त्यांना महाग खेळणी देऊ लागतात. यंत्रावर चालणारी, स्वतःच बोलणारी, म्हणजे मुलाने पाहत बसावे एवढेच काम शिल्लक ठेवणारी. एक राखाडी माणूस मोमोलाच फितविण्यासाठी एक बाहुली आणतो. ती बोलते, पण तिची सारी बोली एवढीच की तिला आणखी वस्तू हव्यात. मोमो खेळण्याचा मनापासून प्रयत्न करते आणि आयुष्यात प्रथमच तिला कंटाळा येतो. मग ती नेहमीप्रमाणे त्या माणसाचे ऐकू लागते, आणि येथे एंडेने फार चतुराई केली आहे. तिच्या ऐकण्यापुढे त्या चोराचेही काही चालत नाही. नको नको म्हणता म्हणता तो धंद्याचे सारे गुपित ओकून टाकतो. मुले फलक रंगवून शहरातून मिरवणूक काढतात, वडील माणसांना सभेला बोलावतात. सभेला कोणीही येत नाही. कोणाला वेळ आहे?

राखाडी माणसे मोमोच्या मागे लागतात, आणि तिला वाचवायला येते एक कासव. त्याचे नाव कासिओपिया. त्याच्या पाठीवर अक्षरे उमटतात आणि पुढच्या अर्ध्या तासात काय घडणार ते त्याला आधी दिसते. त्याच्यामागून मोमो अगदी सावकाश चालते, चोर मोटारींतून सुसाट येतात. तरी गाठ पडत नाही. शहराच्या त्या भागात जितके हळू चालावे तितके लवकर पोचता येते, आणि शेवटच्या गल्लीत तर उलटे चालल्यावाचून पाऊलच पडत नाही. गल्लीच्या टोकाला एक घर, आणि घरात नाना तऱ्हेची घड्याळे. घरधन्याचे नाव सेकुंदुस मिनुटिउस होरा. पहिल्या दोन नावांतले सेकंद आणि मिनिट कोणालाही ऐकू येतील. तिसरे नाव आपल्याला परके वाटू नये. लॅटिन व ग्रीक भाषांतला ‘होरा’ म्हणजे तास, आणि आपल्या ज्योतिषांतला होराही ग्रीकांकडूनच आलेला. दर माणसाला त्याची वेळ वाटून देणे एवढे होरा याचे काम. तिचे काय करावे हे ज्याने त्याने ठरवायचे; चोरापासून राखायचीही ज्याची त्यानेच.

तेथे मोमो स्वतःची वेळ पाहते. एका प्रचंड घुमटाखाली काळेभोर पाणी; त्याच्यावरून एक लंबक मंद गतीने फिरतो; तो जेथे जवळ येतो तेथे पाण्यातून एक फूल उमलते, लंबक दूर गेला की कोमेजून बुडते, आणि पलीकडे दुसरे उमलू लागते, पहिल्याहून सुंदर. एकेक फूल म्हणजे एकेक तास. मराठी वाचकाला येथे घटिकापात्र आठवल्यावाचून राहणार नाही. बुडाला बारीक छिद्र असलेली ती वाटी पाण्यावर तरंगत असे, आणि चोवीस मिनिटे झाली म्हणजे भरून तळाशी जाई. ‘घटका भरली’ हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. आपल्या पूर्वजांनीही वेळ पाण्यात बुडताना पाहिली होती. फरक इतकाच, की प्रत्येक वाटी पहिल्यासारखीच असे. प्रत्येक फूल निराळे असते. राखाडी माणसे हीच फुले चोरून गोठवून ठेवतात, त्यांच्या पाकळ्या वाळवून चिरूट वळतात, आणि त्या धुरावर जगतात. चिरूट विझला की चोर नाहीसा.

होराच्या घरी मोमो एक दिवस राहिली असे तिला वाटते. बाहेर एक वर्ष आणि एक दिवस गेलेला असतो. हाइस्टरबाखची दंतकथा एंडेला ठाऊक असेल वा नसेल, पण येथे ती नव्या रूपाने उभी राहिली आहे. फरक असा की त्या संन्याशाला तीनशे वर्षांनंतर ओळखणारे कोणी उरले नव्हते. मोमोचे सारे जिवंत आहेत, आणि तरी कोणी भेटत नाही. गीगी नामांकित कथाकार होऊन मोटारीतून धावतो आहे. जुन्याच गोष्टी उलटसुलट करून विकतो आहे आणि स्वतःला त्याची लाज वाटते आहे. बेप्पोला चोरांनी सांगितले आहे की मोमो आमच्या कैदेत आहे, एक लाख तास भरशील तर सोडू. तेव्हापासून तो म्हातारा रात्रंदिवस, श्वास न घेता, घाईघाईने रस्ते झाडतो आहे. पुस्तकातले सर्वांत दुःखद चित्र हेच. फुसीने स्वार्थापायी वेळ विकली. बेप्पोने प्रेमापायी विकली, आणि दोन्ही सौदे चोरांच्या खात्यावर सारखेच जमा झाले.

मुलांची गत काय होते? त्यांना बालभांडारांत ठेवलेले असते. तेथे खेळही उपयुक्त; भोके पाडलेल्या कार्डांचा एक खेळ मुले शिकतात, तो कंटाळवाणा आहे, पण पुढील आयुष्यात कामाला येईल असे त्यांना सांगितलेले असते. एंडेने हे लिहिले तेव्हा गणकयंत्रे अशा कार्डांवर चालत. ती कार्डे आता कोणत्याही कचेरीत दिसत नाहीत. ज्या विद्येसाठी त्या मुलांचे खेळ काढून घेतले, ती विद्याच कालबाह्य झाली.

या पुस्तकावर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. मधला भाग लांबला आहे. तेच तेच दोनदा सांगितले जाते. त्याहून मोठा आक्षेप असा की, घाई करणारी माणसे सगळीच फसलेली, असे एंडे धरून चालतो. दोन घरची कामे करून मूल पाळणाघरात ठेवणाऱ्या आईला कोणत्याही राखाडी माणसाने फसविलेले नसते. तिला भाडे द्यायचे असते. तिचा तास दुसऱ्याने आधीच विकत घेतलेला असतो, आणि सावकाश चालण्याचा उपदेश तिला ऐकविणे हा निर्दयपणा होईल. एंडेला हे अगदीच दिसले नव्हते, असेही म्हणवत नाही. आपल्या कथेच्या मागे पैशाविषयीचा विचार आहे, व्याजाने आपोआप वाढत जाणाऱ्या पैशाचा प्रश्न आहे, असे तो पुढे सांगत असे. फुसीला दाखविलेले ते चक्रवाढ व्याज मग नुसता विनोद राहत नाही. पण तो विचार कथेत आकड्यांच्या आड राहिला. घरभाडे भरणारी आई पुस्तकात आली नाही.

दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. श्वार्त्सच्या कथेत चोर मुलांचे रूप घेऊन बसतात, पण मुलासारखे काहीच करीत नाहीत, मणी मोजतात. खरी मुले म्हाताऱ्यांच्या देहातही चेंडू खेळतात, आणि त्या खेळण्यामुळेच सापडतात. ज्या खेळात वेळ वाया गेली असे कथा म्हणते, तोच खेळ त्यांची ओळख ठरतो! श्वार्त्सने उपदेश एक केला आणि चित्र दुसरे काढले, असे म्हणावेसे वाटते; आणि चित्र उपदेशाहून सरस आहे. तेव्हा वर्गात कोणती कथा सांगावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गृहपाठ उद्यावर ढकलणाऱ्या मुलाला पेत्या भेटला पाहिजे. शाळा सुटल्यावर शिकवणी, शिकवणीनंतर दुसरा वर्ग, आणि रात्री जेवताना पाढे, अशा मुलाला मात्र पेत्याची गोष्ट सांगणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे आहे. त्याच्या आईबापांनी फुसीचे प्रकरण आधी वाचावे, आणि जमल्यास त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. वाचायला अर्धा तास लागेल. राखाडी माणसाने तोही वजा केला असता.

मोमोच्या साहसाचा शेवट येथे सांगणे बरे नव्हे. ज्यांनी पुस्तक वाचले नाही त्यांचा आनंद कशाला हिरावून घ्यावा? होरा सर्व जगाची वेळ थांबवितो, मोमोच्या हातात एकच फूल म्हणजे एकच तास असतो, आणि त्या तासात तिने चोरांचे कोठार गाठायचे असते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. अगदी शेवटच्या ओळीत कासवाच्या पाठीवर हळूहळू अक्षरे उमटतात, आणि जर्मन भाषेत शेवट या अर्थाचा जो शब्द आहे तोच लेखकाचे आडनाव असल्यामुळे, कथेचा शेवट आणि कर्त्याची सही ही दोन्ही कामे एकाच शब्दात उरकतात.

त्यानंतर लेखकाने एक छोटे टिपण जोडले आहे. ही हकीकत आपण रचलेली नाही, रात्रीच्या आगगाडीत भेटलेल्या एका प्रवाशाने ती सांगितली, असे तो म्हणतो. त्या प्रवाशाचे वय काही केल्या लक्षात येईना. आरंभी वृद्ध वाटला, मग तरुण वाटू लागला. गोष्ट संपल्यावर तो म्हणाला की, हे सर्व घडून गेले अशा रीतीने मी सांगितले खरे, पण पुढे घडणार आहे असे सांगितले असते तरी माझ्या दृष्टीने फारसा फरक नव्हता. पुढच्या स्थानकावर तो उतरून गेला, आणि लेखकाची व त्याची पुन्हा गाठ पडली नाही.